फोटॉन आधी कुठे होता? अणूतून प्रकाश निघताना काय घडतं

सोलापुरात बारावी सायन्सला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर येतो तेव्हा फोटॉन बाहेर पडतो, असं पुस्तकात आहे. मग तो फोटॉन त्याआधी कुठे होता? इलेक्ट्रॉनला खाली कोण ढकलतं? आणि एका पातळीवरून दुसरीवर जाताना मधल्या वेळात इलेक्ट्रॉन असतो कुठे?

पदवीच्या मुलांची स्पेक्ट्रोमीटरची (प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाची) प्रॅक्टिकल्स मी बरीच वर्षं घेत आलो आहे. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच, आणि "ते पुढे एमएस्सीला शिकशील" असं सांगून बहुधा त्याला गप्प केलं जातं. मला ते पटत नाही. गणित पुढे शिकावं लागतं हे खरं, पण घडतं काय ते बारावीतही समजू शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: फोटॉन आधी कुठेच नव्हता. अणूच्या आत तो दडून बसलेला नसतो, इलेक्ट्रॉनला चिकटलेलाही नसतो. तो त्या घटनेत तयार होतो. हे ऐकून खटकतं, कारण रसायनशास्त्रात आपल्याला सवय लागलेली असते की अभिक्रियेच्या आधी जेवढे अणू तेवढेच नंतर. विद्युतभाराच्या बाबतीत तसा कडक नियम आहेच. फोटॉनच्या संख्येला मात्र असा कोणताही नियम लागू नाही. ते निर्माण होतात आणि शोषले गेले की संपतात. हिशेब जुळावा लागतो तो ऊर्जेचा, संवेगाचा आणि कोनीय संवेगाचा.

ऊर्जेचा हिशेब हायड्रोजनवर करून बघ. इलेक्ट्रॉन आणि केंद्रक एकमेकांपासून पूर्ण सुटे असताना ऊर्जा शून्य धरली, तर पहिल्या पातळीची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसरीची उणे ३.४०, तिसरीची उणे १.५१ आणि चौथीची उणे ०.८५. तिसरीवरून दुसरीवर येताना फरक पडतो १.८९ चा. १२४० ला (प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, याच एककांत) या आकड्याने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: सुमारे ६५६, म्हणजे लाल. चौथीवरून दुसरीवर आलं तर फरक २.५५ आणि तरंगलांबी ४८६, निळसर हिरवी. दुसरीवरून पहिलीवर आलं तर फरक थेट १०.२ चा आणि तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर. हा अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि हायड्रोजन भरलेल्या दिव्याच्या नळीच्या काचेतूनही बाहेर येत नाही. हायड्रोजनच्या नळीत सर्वात मोठी ऊर्जा घेऊन निघणारे फोटॉन आपल्याला कधीच दिसत नाहीत ते यामुळे.

ही ऊर्जा "इलेक्ट्रॉनची" म्हणायची सवय आहे, पण ती खरं तर इलेक्ट्रॉन आणि केंद्रक या जोडीची आहे. फोटॉन एका दिशेला गेला की संवेगाचा हिशेब जुळवायला अख्खा अणू उलट दिशेला सरकतो. सोडियमचा अणू पिवळा फोटॉन सोडतो तेव्हा त्याच्या वेगात सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटरचा फरक पडतो. हा धक्का किरकोळ वाटतो, पण लेझरच्या प्रकाशाने अणूंचा वेग कमी करून त्यांना थंड करण्याचं सगळं तंत्र याच धक्क्यावर उभं आहे.

आता "खाली येणं". पुस्तकातली आकृती जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते, वरच्या पायरीवर एक चेंडू आणि खाली जाणारा बाण. ऊर्जा मोजायला ही आकृती उत्तम आहे. पण ती जागेचं चित्र आहे असं समजलं की तुझा तिसरा प्रश्न उभा राहतो आणि मग सुटतच नाही. ऊर्जापातळी म्हणजे ठिकाण नव्हे. ती अख्ख्या अणूची एक स्थिती आहे. त्या स्थितीत इलेक्ट्रॉनचा ढग केंद्रकाभोवती ठरावीक आकारात पसरलेला असतो. दोन वेगळ्या पातळ्यांचे ढग एकमेकांत मिसळलेले असतात, एकाच जागेत. त्यामुळे इलेक्ट्रॉनला कुठून निघून कुठे पोहोचायचं नसतं.

इथे एक फार सुंदर गोष्ट आहे आणि ती बारावीच्या पुस्तकात नसते याचं मला वाईट वाटतं. अणू नेमक्या एका पातळीवर असेल तर तो ढग स्थिर असतो. वेळ गेला तरी त्याची घनता कुठेही बदलत नाही. विद्युतभार हलत नसेल तर प्रकाश निघणार कसा? म्हणूनच पातळीवर असलेला अणू प्रकाश सांडत बसत नाही आणि इलेक्ट्रॉन गोल गोल फिरत केंद्रकात कोसळत नाही. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी हे नुसतं गृहीत धरलं होतं. कारण कळायला आणखी दहा-बारा वर्षं जावी लागली. पण क्वांटम यांत्रिकीत अणू दोन पातळ्यांच्या मिश्र स्थितीतही असू शकतो, थोडा वरचा आणि थोडा खालचा. या मिश्र स्थितीचा ढग स्थिर राहत नाही. तो केंद्रकाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आणि परत असा झुलतो. किती वेगाने? दोन पातळ्यांच्या ऊर्जेतल्या फरकाला प्लांकच्या स्थिरांकाने भागलं की जी वारंवारता येते, नेमकी तेवढ्याच वेगाने. हायड्रोजनच्या लाल रेषेसाठी (प्रकाशाचे रंग वेगळे केले की प्रत्येक तरंगलांबी एका बारीक रेषेसारखी दिसते) ही वारंवारता सेकंदाला सुमारे ४५७ लाख कोटी आहे, आणि ६५६ नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारताही तीच.

म्हणजे रंग ठरतो तो या झुलण्याने. झुलणारा विद्युतभार ज्या तालाने झुलतो त्याच तालाचा प्रकाश सोडतो, ही मॅक्सवेलच्या काळापासूनची गोष्ट इथेही खरी ठरते. फक्त हा ताल वरच्या पातळीचा एकटीचा नसतो आणि खालच्या पातळीचाही नसतो. तो दोघींमधल्या फरकाचा असतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. मधल्या वेळात इलेक्ट्रॉन कोणत्याही मधल्या पायरीवर नसतो. अणूच्या स्थितीतला वरचा वाटा कमी होत जातो आणि खालचा वाढत जातो.

दुसरा प्रश्न, ढकलतं कोण, हा तिन्हींत सर्वात अवघड आहे. अणू नेमका वरच्या पातळीवर असेल आणि ढग स्थिर असेल, तर सुरुवात होतेच कशी? अणू विश्वात खरोखर एकटा असता तर सुरुवात झालीच नसती. तो कायम वरच राहिला असता. पण अणू कधीच एकटा नसतो. त्याच्याभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं, अगदी काळ्याकुट्ट अंधारातही. एकही फोटॉन नसला तरी क्वांटम नियमांप्रमाणे ते क्षेत्र पूर्ण शांत राहू शकत नाही. अणूतला विद्युतभार या क्षेत्राशी जोडलेला आहे. म्हणून "अणू वरच्या पातळीवर, फोटॉन नाही" ही स्थिती हळूहळू "अणू खालच्या पातळीवर, एक फोटॉन बाहेर" या स्थितीत मिसळत जाते. अणू आणि क्षेत्र दोघं मिळून बदलतात. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये अशा आपोआप होणाऱ्या उत्सर्जनाचा दर मांडला आणि उष्णतेच्या नियमांशी त्याचं नातं जोडलं. क्षेत्रालाच क्वांटम नियम लावून तो दर मुळापासून काढून दाखवला तो डिरॅक यांनी, १९२७ मध्ये.

हे ऐकायला तत्त्वज्ञान वाटेल, पण याचा पुरावा प्रयोगशाळेतला आहे. उत्सर्जनात क्षेत्राचा खरोखर वाटा असेल, तर भोवतालचं क्षेत्र बदललं की उत्सर्जनाचा वेग बदलायला हवा. तसंच होतं. पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांच्या गटाने १९८३ मध्ये सोडियमचे अतिउत्तेजित अणू धातूच्या पोकळीत ठेवले. पोकळीचा ताल अणूच्या तालाशी जुळवला तेव्हा उत्सर्जन लवकर झालं. अमेरिकेत डॅनियल क्लेपनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याच्या उलट केलं. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये त्या तरंगलांबीचा फोटॉन मावणारच नाही इतकं कमी अंतर ठेवलं, आणि सीझियमचे अणू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ वरच राहिले. अणू तेच, पातळ्या त्याच. फोटॉनला जागा नाही म्हणून उत्सर्जन अडलं.

किती वेळ लागतो, हेही अनेकजण विचारतात. एका विशिष्ट अणूबद्दल काहीच सांगता येत नाही. एक लगेच फोटॉन सोडेल, शेजारचा बराच नंतर. सरासरी मात्र पक्की असते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी ती सुमारे १६ नॅनोसेकंद आहे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश जवळपास ५ मीटर जातो. पातळी बदलणं म्हणजे शून्य वेळात होणारी घटना, असं बऱ्याच पुस्तकांत सूचित केलेलं असतं. २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या एका गटाने अणूसारख्या वागणाऱ्या अतिवाहक विद्युतमंडलात अशी "उडी" चालू असताना पकडली आणि मध्येच उलटी फिरवूनही दाखवली. ती कधी सुरू होईल हे सांगता येत नाही. पण एकदा सुरू झाली की तिचा मार्ग सलग असतो.

सगळ्याच जोड्या सारख्या वेगाने प्रकाश देत नाहीत. मिश्र स्थितीतला ढग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलला पाहिजे. तो नुसता सगळीकडून सारखा फुगत-आकसत असेल तर नेहमीसारखा प्रकाश निघत नाही. हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीवर दोन प्रकारचे ढग आहेत, त्यांना दोन-पी आणि दोन-एस म्हणतात. दोन-पी मधून खाली यायला सरासरी १.६ नॅनोसेकंद लागतात. दोन-एस चा ढग गोल, खालच्या पातळीचाही गोल, त्यामुळे झुलणं होत नाही, आणि त्याला सरासरी सेकंदाचा सुमारे आठवा भाग लागतो. तोही दोन फोटॉन एकदम सोडून. ऊर्जा जवळजवळ तीच आणि वेळेत फरक काही कोटी पटींचा! फोटॉन आपल्याबरोबर कोनीय संवेगही घेऊन जातो, आणि त्याचा हिशेब जुळला नाही तर नुसता ऊर्जेचा जुळून उपयोग नाही. प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये हा नियम एका ओळीत पाठ करून घेतात. त्यामागे एवढी मोठी गोष्ट आहे.

या "अवघड" संक्रमणांचा, म्हणजे सहज न होणाऱ्या पातळीबदलांचा, आपल्या सोलापूर जिल्ह्याशी एक संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गाजवळून देशावर आलं आणि ईशान्येकडे सरकत करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेलं. जेऊर रेल्वेमार्गावर असल्यामुळे अवजड उपकरणं तिथे नेणं सोयीचं होतं. पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनी तिथेच तळ ठोकून ग्रहणाच्या वर्णपटाचे फोटो घेतले. सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे ग्रहणात दिसणाऱ्या त्याच्या विरळ बाहेरच्या वातावरणात, एक हिरवी रेषा दिसते, ५३०.३ नॅनोमीटरची. या ग्रहणाच्या आधी तिची जागा थोडी चुकीची धरलेली होती, ती दुरुस्त झाली. पण रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कुणालाच कळत नव्हतं. पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून "कोरोनियम" नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं.

उत्तर मिळायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडला. ग्रोट्रियन आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून दिसलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन निघून जायचे तर तापमान दहा लाख अंशांच्या वर हवं. प्रभामंडल सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा शेकडो पटींनी तापलेलं आहे हे आपल्याला या रेषेमुळे कळलं. आणि ती पृथ्वीवर का सापडत नव्हती? कारण त्या संक्रमणात ढग नेहमीसारखा झुलत नाही. त्या आयनाला फोटॉन सोडायला सरासरी सेकंदाचा साठावा भाग लागतो. सोडियमच्या तुलनेत हे दहा लाख पट सावकाश झालं. साध्या प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्या वेळात दुसरा कण येऊन धडकतो आणि ऊर्जा टकरीतच निघून जाते. प्रभामंडल इतकं विरळ आहे की तिथे आयनाला निवांत वेळ मिळतो.

विजयदुर्गाचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर करायला हवा. हेलियमचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावर लावला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि जॉन हर्शेल विजापूरच्या पलीकडे जमखंडीला. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना तिथूनच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर ते आले ते १८९८ मध्ये. हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरची आणि सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ च्या. एवढ्याशा फरकावरून "हे सोडियम नाही" असं ठामपणे म्हणता आलं, कारण प्रत्येक अणूचे पातळ्यांमधले फरक ठरलेले आहेत आणि ते बदलत नाहीत.

सोडियमच्या त्या दोन रेषा तुला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील. कोणत्याही वरिष्ठ महाविद्यालयाच्या लॅबमध्ये सोडियमचा दिवा असतो. चालू केल्यावर तो आधी गुलाबी-लाल दिसतो. तो निऑनचा प्रकाश, सोडियम तापून त्याची वाफ होईपर्यंतचा. मग पिवळा रंग चढत जातो. इंचाला १५,००० रेघांचं ग्रेटिंग (रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) घेतलं तर पहिल्या ऑर्डरची, म्हणजे मधल्या सरळ प्रकाशाच्या बाजूला पहिल्यांदा दिसणारी, पिवळी रेषा २० अंशांच्या थोडी पुढे मिळते, दुसऱ्या ऑर्डरची ४४ अंशांच्या आसपास. बहुतेक मुलं पहिल्या ऑर्डरवर वाचन घेऊन मोकळी होतात. तसं करू नकोस. दुसऱ्या ऑर्डरवर जा, स्लिट जमेल तितकी अरुंद कर आणि फोकस सावकाश फिरव. एका रेषेच्या दोन झालेल्या दिसतील, मध्ये तीन-साडेतीन मिनिटांचं कोनीय अंतर (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). हे अंतर इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या फिरकीमुळे पडलेलं आहे. वरची पातळी एक नसून अगदी जवळजवळच्या दोन आहेत. फोटॉनचं उत्सर्जन म्हणजे काय ते यापेक्षा स्वस्तात कुठेच दिसत नाही.

सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्यातले रंगही याच तऱ्हेचे असतात का? पिवळा तसाच, सोडियमच्या अणूंचा. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा, पण तिथे प्रकाश मुख्यतः त्यांच्या क्लोरिनबरोबरच्या रेणूंतून येतो. रेणूत इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांना कंपनाच्या आणि फिरण्याच्या पातळ्या जोडल्या जातात, त्यामुळे बारीक रेषांऐवजी रुंद पट्टे मिळतात. सोलापुरी चादरीचा लाल रंग तर याहून वेगळा. तिथे रंगद्रव्याचे रेणू निळा-हिरवा प्रकाश शोषतात आणि घेतलेली ऊर्जा बहुतांश उष्णतेत घालवतात. डोळ्यांना दिसतो तो न शोषलेला, उरलेला प्रकाश. म्हणूनच तीच चादर रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्याखाली मळकट तपकिरी दिसायची. त्या दिव्यात लाल फारसा नव्हताच, तर परत काय येणार?

परीक्षेपुरतं सांगायचं तर बोरची आकृतीच काढ, बाण वरून खाली दाखव, ऊर्जांचा फरक बरोबर प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता हे सूत्र लिही आणि हायड्रोजनचे आकडे तोंडपाठ ठेव. तपासणाऱ्याला तेच हवं असतं आणि त्यात चूक काही नाही, ऊर्जेचा हिशेब तेवढाच आहे. फक्त "इलेक्ट्रॉन एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत जातो" असं लिहिण्याऐवजी "अणू वरच्या ऊर्जापातळीतून खालच्या ऊर्जापातळीत येतो" असं लिही. त्यासाठी कुणी गुण कापणार नाही, आणि पुढे श्रोडिंगरचं समीकरण शिकताना जुनं काही पुसावं लागणार नाही.